कोरड्या डोंगरातली आग: ती पसरते कशी आणि तिच्या शेजारी राहायचं कसं

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या डोंगराळ वस्त्या जळताना आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिल्या. इंदूरच्या मराठी घरांत ही बातमी परकी राहिली नाही, कारण कुणाचा मुलगा तर कुणाची भाची कॅलिफोर्नियात आहे. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात नैनीतालच्या आजूबाजूचे डोंगर पेटले होते आणि सुट्टीत तिकडे निघालेली मंडळी एकमेकांना फोन करून विचारत होती, जावं की थांबावं? आपल्या दारातली गोष्टही वेगळी नाही. फाल्गुन-चैत्रात खंडवा रस्त्यानं रात्री भेरूघाट उतरताना समोरच्या डोंगरावर वाकडीतिकडी नारिंगी रेघ सरकताना दिसते. तो वणवाच असतो.

अशा वेळी तेच ते प्रश्न कानावर येतात. आग लावली कोणी? वरून पाणी का टाकत नाहीत? यंदा पाऊस चांगला झाला होता, तरी कशी लागली? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची नीट उत्तरं मिळायला हवीत, कारण महूच्या पुढे, चोरल आणि मानपूरच्या बाजूला उतारांवर आपल्यातलेच लोक फार्महाऊस बांधत आहेत. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. काडी कोणी लावली याची चौकशी जरूर व्हावी. पण त्या काडीचं पुढे काय होणार हे डोंगर किती सुकला आहे यावर ठरतं, आणि आपलं घर राहणार की जाणार हे बहुतेक वेळा भिंतीपासून दोन पावलांत काय पडलं आहे यावर.

आधी जळण समजून घेऊ

आगीला तीन गोष्टी लागतात: उष्णता, हवा आणि जळणारी वस्तू. जंगलात हवा भरपूर असते आणि उष्णतेला एक विडीचं थोटूक पुरतं. उरतं ते जळण. यात सगळं आलं: साग-पळसाची गळलेली पानं, गवत, काटक्या, पडलेले ओंडके आणि फार्महाऊसच्या मागे रचलेली लाकडंसुद्धा. पेटायचं की नाही हे मुख्यतः त्याच्यातल्या ओलीवर ठरतं.

चौकातली होळी रचलेल्या कुणालाही हे समजेल. ओंडक्याला कोणी थेट काडी लावत नाही. आधी पेंढा, मग कंडे, म्हणजे गोवऱ्या, आणि बारीक काटक्या, आणि त्या धडधडल्या की ओंडका धरतो. जंगलही याच क्रमानं पेटतं. वणव्याचा अभ्यास करणारे वाळलेल्या जळणाची विभागणी ते आजूबाजूच्या हवेइतकं कोरडं व्हायला किती वेळ लागतो यावरून करतात. पेन्सिलीहून बारीक काडी आणि पान तासाभरात सुकतं. बोटाएवढ्या काटकीला दहाएक तास लागतात. मनगटाएवढ्या फांदीला शंभर तास, म्हणजे चार दिवस. त्याहून जाड ओंडक्याला हजार तास, म्हणजे साधारण सहा आठवडे.

नेहमीच्या उन्हाळ्यात पहिले तीन प्रकार सुकतात, चौथ्याच्या पोटात मात्र ओल राहते. म्हणून नेहमीचा वणवा जमिनीवरून गुडघाभर ज्वाळांनी पुढे सरकतो, पाचोळा आणि गवत खातो आणि निघून जातो. जुना साग जाड सालीमुळे तग धरतो. दुष्काळात ओंडकेही आतपर्यंत कोरडे ठणठणीत होतात. मग ते दिवसचे दिवस धुमसतात, वाळलेले बुंधे आणि मुळं जमिनीखाली जळत राहतात. वरून सगळं शांत दिसतं, लोक घरी जातात आणि तिसऱ्या दिवशी वारा सुटला की तिथूनच पुन्हा आग उभी राहते. दुष्काळी वर्षातली आग विझवायला दिवसचे दिवस का लागतात, याचं बरंचसं उत्तर या ओंडक्यांत आहे.

दुष्काळ फक्त पावसाचा नसतो

हवाही पाणी पिते. तापमान एका अंशानं वाढलं की हवेची बाष्प धरून ठेवायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस तेवढाच पडला आणि उन्हाळा मात्र दोन अंशांनी जास्त तापला, तरी पानं, माती आणि जिवंत झाडंही जास्त सुकतात. लांबलेल्या दुष्काळात झाड कमजोर होतं आणि साल पोखरणाऱ्या किड्यांना तोंड देऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे मिळून सुमारे १२ कोटी ९० लाख झाडं मेली, असा अमेरिकेच्या वनखात्याचा अंदाज आहे. उभी वाळलेली एवढी झाडं म्हणजे डोंगरभर रचून ठेवलेलं जळण.

उत्तराखंडचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फ पश्चिमी विक्षोभ आणतात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या ढगाळ हवेच्या लाटा. २०२३-२४ च्या हिवाळ्यात त्या रुसल्या. वायव्य भारतातल्या १९०१ पासूनच्या सर्वांत कोरड्या जानेवारींमध्ये २०२४ चा जानेवारी गणला गेला. बर्फ नाही, म्हणजे हळूहळू वितळून मातीत मुरणारं पाणीही नाही. त्यावर उन्हाळ्यात चीड झाडांची सुईसारखी पानं गळतात. त्यांना तिकडे पिरूल म्हणतात. त्यांत राळ असते, आणि त्यांचा थर पायाखालून घसरतो इतका जाड असतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या उपग्रह नोंदींनुसार उत्तराखंडात आदल्या हंगामात पाच हजारांच्या आसपास ठिकाणी आग दिसली होती, ती २०२३-२४ मध्ये एकवीस हजारांवर गेली. हा आकडा वाचताना एक भान ठेवायला हवं. उपग्रह एकच मोठी आग अनेक ठिपक्यांत आणि अनेक फेऱ्यांत टिपतो, त्यामुळे हे एकवीस हजार वेगवेगळे वणवे नव्हेत. वाढ चौपट आहे, हे मात्र खरं.

"पण यंदा पाऊस छान झाला होता"

हा सगळ्यांत फसवा दिलासा. लॉस एंजेलिसला आगीपूर्वीचे दोन हिवाळे चांगले ओले गेले. डोंगरांवर गवत आणि झुडपं माजली. मग मे २०२४ पासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत शहराच्या मध्यभागी जेमतेम ४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या वाळलेल्या झुडपांवरून ७ जानेवारीला सांता आना वारे सुटले. हे वाळवंटाकडून डोंगर ओलांडून समुद्राकडे उतरणारे कोरडे वारे, आणि त्यांचे झोत ताशी १३० किलोमीटरच्या वर गेले. १६ हजारांहून जास्त इमारती जळाल्या.

आपल्या माळव्यातही पावसाळा चांगला म्हणजे गवत जास्त. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. पातालपाणीच्या आसपास भाद्रपदात कंबरेपर्यंत आलेलं हिरवं गवत फाल्गुनात तेवढ्याच उंचीचं जळण झालेलं असतं. म्हणून आगीचा अंदाज घ्यायचा तर पावसाळ्यानंतर काय झालं ते बघा: मावठा झाला का? मार्चमध्येच लू वाहायला लागली का? दुपारी हवेतला दमटपणा २० टक्क्यांखाली जातोय का? या तिन्हींची उत्तरं वाईट असतील, तर भरलेल्या तलावांकडे पाहून निर्धास्त होऊ नका.

उतारावर आग पळते

सपाटीवर ज्वाळा सरळ वर जातात. चढावर त्या समोरच्या गवताच्या अंगावर झुकलेल्या असतात, त्यामुळे पुढचं गवत पेटायच्या आधीच भाजून कोरडं होतं. ढोबळ हिशेब असा की उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. वीस अंशांच्या चढावर चौपट. घाटातला माणूस या वेगापुढे टिकत नाही. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचे गट वाळल्या गवताच्या उतारावर आगीत सापडले आणि वीसहून जास्त जणांचा जीव गेला.

दिवसा तापलेली हवा दरीतून वर चढते, रात्री थंड हवा खाली उतरते. म्हणून दुपारी वर जाणारी आग रात्री दिशा बदलू शकते. चिडीची पेटलेली फळं आणि जळके ओंडके गडगडत खाली जाऊन तळाशीही आग लावतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांना ऊन जास्त मिळतं, ते आधी सुकतात. विंध्याची जी कड इंदूरकडून निमाडात उतरते, तिचं तोंड बव्हंशी दक्षिणेलाच आहे. तिथे जमीन घेणाऱ्यांनी नर्मदेच्या खोऱ्याचा देखावा जरूर पाहावा, पण हेही लक्षात ठेवावं.

"शेवटी आग लावतो माणूसच ना?"

हो. आपल्याकडच्या जवळपास सगळ्या वणव्यांमागे माणूस असतो. विजेनं लागणारी आग भारतात दुर्मीळच. पण माणूस का लावतो, हे बघितल्याशिवाय बोलणं बरं नाही.

चैत्रात महुआची, म्हणजे मोहाची, फुलं पहाटे गळतात. फिकट पिवळी, रसाळ, बोटाच्या पेराएवढी. झाडाखाली पाचोळ्याचा वीतभर थर असतो आणि त्यात ती दिसतच नाहीत. घरातल्या बायका-मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन येतात आणि ऊन चढेपर्यंत वेचतात. जमीन साफ असेल तर टोपली भरते, नसेल तर निम्मी फुलं पाचोळ्यात हरवतात. म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. बहुतेक जण पेटवून तिथेच उभे राहतात, आग विझल्यावर निघतात. ओलसर वर्षात हे निभतं. कोरड्या वर्षात तोच हात, तीच काडी, आणि आग झाडाच्या घेराबाहेर निसटते. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, पण नुसत्या धाकानं हे थांबलेलं नाही. झाडाखाली जाळी बांधून फुलं वरच्या वर झेलायची पद्धत आहे. त्यात पाचोळा जाळावा लागत नाही आणि फुलं स्वच्छ राहतात, म्हणून भावही बरा मिळतो. जाळीचा खर्च त्या कुटुंबावर न टाकता ती त्यांच्यापर्यंत पोचवली, तर दंडापेक्षा जास्त उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

आणि बोट फक्त त्यांच्याकडे कशाला? रविवारी तिंछा आणि चोरलला कंड्यांवर दाल-बाफले लावून शहरातली मंडळीच बसतात. जेवण झालं की वरची राख पांढरी पडलेली दिसते आणि गाडी निघते. राखेखालचा कंडा कित्येक तास लाल असतो. पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि हाताची पाठ जवळ धरून बघा. ऊब लागली तर अजून विझलेला नाही.

"मग हेलिकॉप्टरनं पाणी का टाकत नाहीत?"

टाकतात. एप्रिल २०२४ मध्ये हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरनं भीमतालच्या तलावातून पाणी उचलून नैनीतालजवळच्या आगीवर टाकलं. पण एका खेपेत काही हजार लिटर पाणी जातं, आणि आगीची कड कित्येक किलोमीटरची असते. पाण्यानं ज्वाळा बसतात, धुमसणारे ओंडके तसेच राहतात. धुरात आणि जोराच्या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडवणंही धोक्याचं. वरचं पाणी खालच्या माणसांना थोडी उसंत देतं, आग विझवतात ती खालचीच माणसं.

ती कशी? जळण तोडून. पंधरा फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होण्याआधी जंगलात पट्टे साफ करून आणि सांभाळून जाळून ठेवतात. या पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. आग तिथवर आली की पुढे खायला काही मिळत नाही. आग लागल्याचा निरोप आला की नाकेदार (वनरक्षक), चौकीदार आणि वनसमितीची माणसं हिरव्या फांद्यांनी कड झोडपतात, ब्लोअरनं पाचोळा आत लोटून मोकळी पट्टी करतात, आणि गरज पडली तर समोरून उलटी आग लावतात, म्हणजे मधलं जळण आधीच संपतं. उपग्रहाला आग दिसली की वन सर्वेक्षण संस्था एसएमएस पाठवते, आणि त्यासाठी सामान्य नागरिकही नाव नोंदवू शकतो. पण तिथवर पोचायचं पायी. मध्य प्रदेशात वनाच्छादन ७७ हजार चौरस किलोमीटर आहे, देशात सर्वांत जास्त. या माणसांना आपण फार गृहीत धरतो. १३ जून २०२४ ला उत्तराखंडात अल्मोड्याच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनखात्याच्या चार माणसांचा जागीच मृत्यू झाला.

शहरातले नळही इथे कामाचे नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये उंचावरच्या भागात आगीचे बंब लावायचे नळ कोरडे पडले. ती व्यवस्था एक-दोन इमारतींच्या आगीसाठी होती. सगळी वस्ती एकदम पेटली आणि टाक्या भरायच्या आत रिकाम्या झाल्या.

"आमचं बांधकाम पक्कं आहे"

विटा जळत नाहीत, हे खरं. पण वणव्यात घरं जातात ती बहुतेक ज्वाळांच्या भिंतीमुळे नव्हे. वाऱ्यावर उडत येणाऱ्या ठिणग्या आणि निखारे ती लावतात, आणि आग अजून एक-दोन किलोमीटर लांब असतानाही ते येऊ शकतात. निखाऱ्याला कोपरा लागतो. छपराच्या कवेलूंच्या (कौलांच्या) फटीत अडकलेली पानं, पन्हळीतला पाचोळा, उघड्या खिडकीचा पडदा, व्हरांड्यातली वेताची खुर्ची, भिंतीला टेकवलेली लाकडं, गोठ्यातला भुसा.

म्हणून सगळ्यांत आधी भिंतीलगतचा दीड मीटर. तिथे माती, फरशी किंवा खडी, बाकी काही नको. वेल नको, कुंपणाची मेंदी नको, कंड्यांची रास तर नकोच. त्यापुढे नऊ-दहा मीटरपर्यंत गवत कापलेलं, झाडांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या, लाकडं आणि चारा याच्या पलीकडे. तीस मीटरपर्यंत झाडं ठेवा, पण एकीच्या फांद्या दुसरीत गुंतू देऊ नका. झरोक्यांना बारीक लोखंडी जाळी लावा. हे काम फेब्रुवारीत व्हायला हवं. जमिनीसाठी लाखो रुपये मोजणारा माणूस चार मजुरांची दोन दिवसांची मजुरी वाचवतो, हे पाहून मला वाईट वाटतं.

निघायचं कधी

लवकर. इतकंच. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव काही तासांत जळालं, त्या आगीत ८५ माणसं गेली. डोंगरावरच्या गावातून खाली उतरणारे रस्ते मोजके होते, आणि सगळे एकदम निघाले. चोरल-मानपूरकडच्या बहुतेक फार्महाऊसना एकच कच्चा रस्ता असतो. दुसरी वाट आहे का, ते आधी चालून बघा. म्हातारी माणसं आणि गुरं यांना धूर दिसताच हलवा. ११२ ला फोन करा, गॅसची टाकी बंद करा, दारं-खिडक्या लावा, अंगावर सुती जाड कपडे घाला. पायी अडकलात तर चढावर पळू नका. आधीच जळून गेलेली काळी जमीन, खडक किंवा नदीचं उघडं पात्र गाठा.

धूर

आग लांब असली तरी धूर येतो. त्यात पीएम २.५ असतात, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, थेट फुप्फुसात उतरणारे कण. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. ओला रुमाल हे कण अडवत नाही, नीट बसलेला एन-९५ मास्क अडवतो. रात्री दरीत थंड हवा साचते आणि धूर खालीच दबून राहतो, म्हणून पहाटेचं फिरणं बंद. घरातली एक खोली निवडून तिच्या फटी ओल्या कापडानं बंद करा, आणि त्या खोलीत उदबत्ती, धूप, फोडणी काहीच नको. दमेकऱ्यांचा इन्हेलर हाताशी असू द्या.

आग विझल्यावर

लोक इथे सुटकेचा श्वास सोडतात, आणि डोंगराचा दुसरा धोका इथूनच सुरू होतो. पाचोळा पाणी धरून मातीत मुरवतो, तो गेलेला असतो. तीव्र आगीनंतर मातीवर मेणचट थर तयार होतो आणि पाणी आत न जाता वरून धावतं. डिसेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात मोंटेसितोच्या वरचे डोंगर जळाले. ९ जानेवारी २०१८ ला पहिला जोरदार पाऊस आला आणि चिखल, दगड आणि ओंडक्यांच्या लोंढ्यात २३ माणसं गेली. उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये गावं ज्या धाऱ्या-नौल्यांवर, म्हणजे डोंगरातल्या झऱ्यांवर, जगतात, त्यांनाही पाणी या मुरण्यातूनच मिळतं. आपल्याकडे चोरल नदी बडवाहजवळ नर्मदेला मिळते, आणि इंदूरचं पिण्याचं पाणी त्याच्या खालच्या अंगाला जलूदहून उचललं जातं. विंध्याच्या उतारावरची राख आणि माती त्याच नर्मदेत उतरते.

तुमच्या वरचा उतार यंदा जळाला असेल, तर जून उजाडायच्या आत नाल्यात पडलेले ओंडके आणि दगड काढून घ्या, म्हणजे पाणी तुंबून एकदम फुटणार नाही. उतारावर आडवे, समपातळीत बांध घाला, मोकळ्या जागी गवताचं बी टाका आणि त्या वर्षी तिथे गुरं चरू देऊ नका. पहिल्या दोन पावसाळ्यांत, रात्री जोराचा पाऊस लागला की नाल्याच्या तोंडाशी असलेल्या खोल्यांत कुणाला झोपू देऊ नका, राखणदाराच्या कुटुंबालाही नाही.